आभाळ आलं की आधी वावरात

डिसेंबरात हरभरा फुलावर येतो, तुरीला शेंगा लागतात आणि नेमकं त्याच आठवड्यात आभाळ येतं. दोन-दोन दिवस उन्हाचा पत्ता नसतो, रात्रीची थंडी पळते, सकाळी पानं ओलसर असतात. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या मोर्शी-वरुडकडे लोक म्हणतात, आभाळी झाली, आता अळी पडणार. मग गाव दोन वाटांनी निघतं. थोडे लोक वावरात जातात, बरेच जण थेट कृषी केंद्रात, म्हणजे औषधाच्या दुकानात. केंद्रात पोचलेल्यानं अळी पाहिलेलीच असते असं नाही. आभाळ पाहिलेलं असतं, तेवढं त्याला पुरतं.

आभाळ आणि अळी यांचा हा हिशेब शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाहून मांडलेला आहे आणि तो खरा आहे. मला खटकतं ते त्यातून काढलेलं उत्तर. आभाळ हे बोलावणं आहे, की ये आणि बघ. त्याचा अर्थ आपण औषधाची चिठ्ठी असा करून बसलो आहोत.

पाहण्याची सवय मला कीड सर्वेक्षकाच्या कामानं लावली. 2008च्या खरिपात राज्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा असा उद्रेक झाला, की विदर्भात कित्येक शेतांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. त्यानंतर 2009-10पासून कृषी विभागानं कृषी विद्यापीठांना आणि केंद्राच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन संस्थेला सोबत घेऊन क्रॉपसॅप हा किडींवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम सुरू केला. ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या शेतांत सर्वेक्षक नेमानं जातो, झाडं निवडून किडी मोजतो, आकडे वर पाठवतो. कुठल्या भागात कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतकी वाढली, ते त्यातून कळतं आणि तसा सल्ला खाली येतो. कागदावर हे रकाने भरण्याचं काम दिसतं. वावरात ते सगळं गुडघ्यावर बसून करायचं असतं.

हरभऱ्यात ओळीचा एक मीटर तुकडा धरायचा. आधी शेंडे पाहायचे. नुकती निघालेली घाटे अळी पान कुरतडत नाही, वरचा हिरवा पापुद्रा खरवडते, त्यामुळे पानावर पांढुरके ठिपके उमटतात. अंडं त्याहून अवघड. खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं, कोवळ्या शेंड्यावर किंवा कळीवर एकेकटं घातलेलं. झाड तिरपं धरून उजेडाकडे केलं तरच नजरेला पडतं. मोठी अळी मात्र लपत नाही, तोंड घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, खुपसलेलं आणि निम्मं अंग बाहेर. आणि कधी कधी अळीच्या वाळलेल्या कातडीशेजारी पानाला चिकटलेला एक बारीक राखाडी-पांढरा कोष सापडतो. तो अळीचा नसतो. कॅम्पोलेटिस नावाची बारीक परोपजीवी गांधीलमाशी लहान अळीच्या अंगात अंडं घालते, तिचं पिल्लू अळीला आतून खाऊन बाहेर पडतं आणि शेजारी कोष विणतं. असे कोष दिसू लागले की फवारणीच्या पंपाला हात लावण्याआधी दहादा विचार करावा. आपण ज्या कामासाठी पैसे मोजायला निघालोय ते काम तिथं फुकट चाललेलं असतं, आणि पहिल्या फवाऱ्यात आधी ती माशीच मरते.

माझा ठरलेला प्लॉट ज्यांच्या वावरात होता ते काकाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून माझी मोजणी पाहत. आकड्यांत त्यांना रस नव्हता, तिथीत होता. म्हणायचे, "पोरी, अवस होऊ दे. अवसेनंतर पाह्यजो, अंडी दिसतीन." कपाशीच्या बाबतीतही आमच्याकडे हेच ऐकू येतं. अंधाऱ्या रात्री अळीचा पतंग जास्त फिरतो, अंडी जास्त घालतो, म्हणून अवस झाली की दोन-तीन दिवसांत शेंडे तपासायचे. प्रकाश सापळ्याचे आकडे याला बऱ्यापैकी दुजोरा देतात, पुनवेच्या सुमारास सापळ्यात पतंग कमी येतात. त्यात एक मेख आहे. पुनवेला आकाशच उजळलेलं असल्यानं सापळ्याच्या दिव्याची ओढ कमी होते, त्यामुळे सापळा रिकामा म्हणून वावर रिकामं असं धरता येत नाही. तरीही शेंडे पाहण्याचा दिवस ठरवायला काकाजींची अवस मला कामाची वाटते. महिन्यातून एकदा का होईना, ती माणसाला हरभऱ्यात ओणवं व्हायला लावते.

पण अवस दर महिन्याला येते आणि अळीचा भडका दर महिन्याला उडत नाही. मधे वारा आहे.

सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते. काहीशे मीटर वरची हवा अजून कोमट असते, आणि खालच्या जमिनीचा अडसर सुटल्यामुळे रात्री ती दिवसापेक्षा जोरात वाहू लागते. धुऱ्यावर उभ्या माणसाला वारा पडल्यासारखं वाटतं, तुरीचं पानही हलत नाही, आणि डोक्यावर तेव्हा प्रवाह सुसाट निघालेला असतो. घाटे अळीचा पतंग दिवेलागणीला उठतो. बरेचसे पतंग पिकातच घुटमळतात. पीक वाळायला लागलं, फुलं सरली, की त्यातले काही वर चढतात, त्या प्रवाहात शिरतात आणि तासन्‌तास वाहत जातात. 1980च्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत, शास्त्रज्ञांनी याच पतंगाचं वाऱ्यावरचं स्थलांतर अभ्यासलं होतं. म्हणजे आपल्या हरभऱ्यावरचं अंडं घालणारी मादी आपल्याच शिवारात जन्मली असेल असं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातली तूर संपली म्हणूनही ती आपल्याकडे आलेली असू शकते.

मग आभाळाचा संबंध काय? दोन बाजूंचे वारे जिथं समोरासमोर येतात तिथं हवेला वर चढण्याखेरीज वाट उरत नाही. बाष्प वर जातं, ढग होतात. हिवाळ्यात उत्तरेकडचा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, आणि बंगालच्या उपसागरावरून येणारं बाष्प यांची गाठ मध्य भारतावर पडते, तेव्हा विदर्भात हेच घडतं. हवेत उडणारा कीटक मात्र हवेबरोबर तितका वर जात नाही. वर थंडी असते, तो एका उंचीनंतर चढायचं सोडतो. त्यामुळे वारे ज्या पट्ट्यात गोळा होतात त्याच पट्ट्यात पतंगही दाटत जातात, आणि सरीबरोबर खाली झेपावणाऱ्या वाऱ्यानं जमिनीवर उतरतात. एखाद्या सकाळी अख्ख्या शिवारातले कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, एकदम भरलेले दिसतात आणि शेजारच्या तालुक्यात काहीच नसतं, त्याचं कोडं इथं सुटतं.

जमिनीवरही आभाळ अळीच्या पथ्यावर पडतं. किडीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, तिचं घड्याळ बाहेरच्या तापमानावर चालतं. कडक थंडीत पतंग फारसा उडत नाही आणि अंडं फुटायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. ढगांनी रात्र उबदार ठेवली की तेच अंडं तीन-चार दिवसांत फुटतं.

हरभऱ्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार प्रिय आहे. हिवाळ्यातल्या पहाटे हरभऱ्याच्या वावरातून अनवाणी चाललं की पायांना चुरचुरतं. झाडाच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो, दवात मिसळतो, तो हा. आमची आजी पांढरं स्वच्छ धोतर हरभऱ्यावर हलक्या हातानं फिरवून ओलं करायची आणि पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायची. पोट दुखलं की चमचाभर, पाण्यात. त्या रसात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात, आणि ऑक्झॅलिक आम्लानं घाटे अळीची वाढ मंदावते हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर लावलेला लेपच तो. अवकाळी पावसाची एक चांगली सर आली की तो धुऊन जातो. लेप परत चढायला कोरडे दिवस लागतात, आणि आभाळी हवेत नेमके तेच मिळत नाहीत. पाऊस पडला त्या आठवड्यात हरभरा उघडा पडतो. हे कळल्यापासून मी डिसेंबरातल्या पावसाकडे निराळ्या काळजीनं पाहते. घाट्यांचं काय होईल ही काळजी आधीपासून होती, आता पाऊस उघडल्यावर कितव्या दिवशी शेंडे पाहायला जायचं हा विचारही सोबत असतो.

पाऊस नेहमी किडीचीच बाजू घेतो असं मात्र नाही. जोराच्या सरीनं मावा आणि फुलकिडे धुतले जातात. फुलकिड्यांचा जोर पावसाच्या खंडात वाढतो. 2018च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला पहिल्यांदा दिसलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच खरिपात आपल्या मक्यावर पोचली, कारण तिचा पतंग एका रात्रीत वाऱ्यावर शंभर किलोमीटर जाऊ शकतो. पण मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत, पावसाचं पाणी भरलं की तिच्या लहान अळ्या त्यातच बुडून मरतात. त्यामुळे दमदार पाऊस पडून गेलेल्या मक्यात पुन्हा मोजल्याशिवाय फवारणी ठरवणं म्हणजे पाण्यात पैसे टाकणं.

"हवामान" म्हणताना आपण कुठली हवा धरतो, हाही प्रश्नच आहे. मोबाईलवर दिसणारं किमान तापमान वेधशाळेतल्या पेटीतलं असतं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचं. अळी राहते वीतभर उंचीवर, पानाखाली. 1932 साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचं काम उभं करणाऱ्या एल. ए. रामदासांनी जमिनीलगतच्या हवेची तापमानं बारकाईनं घेतली, आणि त्यांना दिसलं की निरभ्र, शांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, ती जमिनीपासून थोड्या सेंटिमीटरांवर असते. जगानं त्या थराला त्यांचं नाव दिलं. पिकाच्या अंगाला लागून असलेली हवा स्वतंत्रपणे वाचावी लागते, हे आपल्याच राज्यात नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी गुडघ्यावर बसून दाखवून दिलं होतं. हवामान खातं आता जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी देतं आणि तो मी न चुकता वाचते. पण तो जिल्ह्याचा असतो. माझ्या वावरातल्या नाल्याकाठच्या दोन ओळी नेहमी जास्त दमट असतात आणि अळी पहिल्यांदा तिथंच सापडते, हे जिल्ह्याच्या सल्ल्यात कसं येणार?

मे 2020च्या शेवटच्या आठवड्यात वाऱ्यानं आमच्याकडे टोळ आणले. राजस्थानातून मध्य प्रदेश ओलांडून थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले. मोर्शी, वरुड, आष्टी, काटोल हा सगळा संत्र्याचा पट्टा. टाळेबंदीचे दिवस होते. लोक तोंडाला रुमाल बांधून ताटं, डबे, पत्रे बडवत बागांतून फिरत होते. टोळ गुलाबी रंगाचे होते. गुलाबी म्हणजे अजून वयात न आलेले, ते लांब उडतात आणि खातात. अंडी घालायच्या वेळेला ते पिवळे होतात. दिवसा वाऱ्याबरोबर प्रवास आणि संध्याकाळी झाडावर मुक्काम, हा त्यांचा क्रम. सकाळी ऊन लागून अंग तापेपर्यंत ते उडत नाहीत, म्हणून कृषी विभागाची माणसं रात्री आणि पहाटे फवारे घेऊन फिरत होती. ताटं वाजवून थवा उठला तरी तो शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसायचा, ते बघताना जीव तुटायचा.

ते टोळ आमच्यापर्यंत कसे आले, याची कथा दोन वर्षं मागे सुरू होते. मे 2018मध्ये मेकुनु आणि ऑक्टोबर 2018मध्ये लुबान ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रातून अरबस्तानाच्या दक्षिणेला धडकली. एरवी कोरड्या ठक्क असलेल्या रब-अल-खालीच्या वाळवंटात तळी साचली, वाळूत गवत उगवलं. वाळवंटी टोळाला अंडी घालायला ओली वाळू आणि पिल्लांना खायला हिरवं पान लागतं, दोन्ही मिळालं. एकामागून एक तीन पिढ्या तिथं वाढल्या, आणि त्या ओसाडीत पाहणारं कुणी नव्हतं. कळलं तोवर थवे येमेन आणि इराणकडे निघाले होते. पुढं ते आफ्रिकेच्या शिंगापर्यंत, म्हणजे सोमालिया-इथिओपियाकडे, गेले, पाकिस्तानात आणि आपल्या थरच्या वाळवंटात आले. 2020च्या मे महिन्यात राजस्थानात शेतं रिकामी, हिरवं काही नाही आणि पश्चिमेचा वारा जोराचा, त्यामुळे थवे पूर्वेकडे सरकत विदर्भापर्यंत पोचले. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात आणि प्रत्येक जण रोज आपल्या वजनाइतकं, म्हणजे दोनेक ग्रॅम, खातो.

टोळांच्या प्रवासाचं मर्म 1951मध्ये रेजिनाल्ड रेनी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मांडलं. थवे वाऱ्याच्या दिशेनं वाहत जातात, वारे जिथं एकत्र येतात तिथं पोचतात, आणि वारे एकत्र येतात तिथंच पाऊस पडतो. वाळवंटात जगणाऱ्या किड्याला पाऊस शोधायची गरजच उरत नाही, वारा त्याला पावसाच्या दारात नेऊन सोडतो. आमच्या हरभऱ्यावर डिसेंबरात जे घडतं त्याचंच हे अवाढव्य रूप. भारतात 1939पासून टोळांचा इशारा देणारी स्वतंत्र संघटना आहे आणि तिची माणसं राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात फिरून वाळूतली ओल आणि हिरवळ पाहतात, थवा तयार व्हायच्या आधी. रब-अल-खालीत तेवढी पायपीट करणारं कुणी असतं तर माझ्या तालुक्यातल्या संत्र्यांवर ती वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं.

वाऱ्यावर येणारं सगळंच नुकसानीचं नसतं. पावसाळा सरताना आपल्याकडे आकाशात पिवळसर चतुरांची गर्दी होते. 2009 साली चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं मालदीवमध्ये बसून केलेल्या नोंदींवरून दाखवलं, की हे चतुर भारतावरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, वारे एकत्र येतात त्या सरकत्या पावसाच्या पट्ट्याबरोबर, वाटेतले बारीक किडे खात. आमच्या वावरांवर दिवसभर डास आणि बारीक किडे टिपणारा तो जीव इतका लांबचा पाहुणा असेल हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ धुऱ्यावर थांबून त्यांच्याकडे बघत राहिले होते.

आणि न पाहता फवारण्याची किंमत? ती आमच्या शेजारच्या जिल्ह्यानं मोजली आहे. 2017च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. डोक्याएवढ्या पिकात नोझल वर धरावं लागतं आणि वारा तो सगळा फवारा तोंडावर आणतो. दमट उकाड्यात अंगभर कपडा आणि तोंडाला फडकं सहन होत नाही, घामानं भिजलेल्या कातडीतून औषध आत जातं. त्यात दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारायची पद्धत. किडीला आणणारी हवा आणि फवाऱ्याला माणसाच्या अंगावर आणणारी हवा एकच असते. त्या मृत्यूंचा विचार करताना मला पहिला प्रश्न हा पडतो, की त्यातल्या किती वावरांत त्या दिवशी फवारणीची खरंच गरज होती.

आता मी सर्वेक्षक नाही. पण आमच्या बचत गटातल्या बायकांनी हरभऱ्याची मोजणी सुरू केली आहे आणि तिथं मी असते. एकरी दोन कामगंध सापळे, पिकाच्या फूटभर वर, हेलिल्युअर, म्हणजे घाटे अळीच्या मादीच्या वासाचं आमिष, लावलेले. सल्ल्यात आभाळ सांगितलं की दुसऱ्या सकाळपासून पतंग मोजायचे. सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी येत नाही, म्हणून सापळ्यावर विसंबायचं नाही. सलग तीन दिवस 8-10 पतंग आले की शेंडे पाहायला उतरायचं. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या भरेपर्यंत रासायनिक औषधाचं नाव काढायचं नाही. तोवर पक्षी थांबे, म्हणजे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या, आणि 5 टक्के निंबोळी अर्क. अळ्या लहान असतील तर घाटे अळीला मारणारा विषाणू फवारायचा, तो संध्याकाळी, कारण उन्हात तो निकामी होतो आणि आभाळी हवेत जास्त टिकतो. गटातल्या एका काकूंना मागच्या हंगामात ते राखाडी-पांढरे कोष दिसले. त्यांनी घरात भांडून फवारणी चार दिवस पुढं ढकलली. नंतरच्या मोजणीत अळ्या इतक्या कमी भरल्या की औषध आणावंच लागलं नाही.

आमच्या वहीत पतंग, आभाळ आणि पाऊस असे तीन रकाने होते, मी चौथा वाऱ्याचा घालायला लावला. त्यावरून अजून वाद चालू आहे. बऱ्याच जणींचं म्हणणं, दिशा सकाळी लिहावी, सापळा पाहायला तेव्हाच जातो, दोन्ही कामं एका फेरीत होतात. मी सांगते दिवेलागणीला लिहा, चुलीचा धूर कुठं झुकतो ते पाहून, कारण पतंग त्याच वेळेला उठतो. त्यावर काकूंनी विचारलं, गॅसवाल्या घरांनी काय करायचं? सध्या ठरलंय असं, की ज्यांच्याकडे पाणी तापवायला अजून चूल पेटते त्या दोघींनी सगळ्या गटासाठी संध्याकाळची दिशा लिहायची.